चौलचं तोंड खाडीकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोळ चौलचं. गावाच्या स्मरणिकेसाठी "गावाचा भूगोल आणि इतिहास" असा लेख तुमच्याकडे आला आहे. पुस्तकांत सगळीकडे "दोन हजार वर्षांचं जागतिक बंदर" असं वाचलंत, आणि गावात गेलात तर नाका, नारळी-पोफळीच्या वाड्या, चार तळी आणि एसटीचा थांबा. मग बंदर गेलं कुठे? आणि चौल आणि रेवदंडा हे एकच गाव की दोन?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. भूमी अभिलेख खात्यात मोजणीची नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं अलिबाग तालुक्यात गेली. त्यामुळे माझं उत्तर जमिनीवरून वर चढेल, ताम्रपटावरून खाली उतरणार नाही.

तुमची चूक कुठे झाली ते आधी सांगतो. तुम्ही बंदर समुद्रावर शोधलंत. अलिबागहून दक्षिणेला निघालं की आक्षी, नागाव, मग सुमारे पंधरा किलोमीटरवर चौल आणि त्यापुढे दोन-तीन किलोमीटरवर रेवदंडा. या सगळ्या वाटेवर उजव्या हाताला समुद्र आणि वाळू, म्हणून आपण धरून चालतो की गलबतंही तिथेच लागत असतील. उघड्या किनाऱ्यावर कोण तांडेल, म्हणजे नाखवा, गलबत बांधेल? नैर्ऋत्येकडून वारा सुटला की दोर तुटून लाकडं होतील. जुन्या चौलची पाठ समुद्राकडे आणि तोंड खाडीकडे होतं. ती खाडी कुंडलिका नदीची. तुम्ही नाक्यावरून पश्चिमेला बीचवर गेलात. आग्नेयेला आग्रावच्या बाजूला उतरला असतात तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं असतं. आज तिथे तिवरं आहेत, चिखल आहे, खारीचे (भरतीचं पाणी अडवून काढलेल्या शेतजमिनीचे) बांध आहेत आणि कोळ्यांच्या होड्या आहेत.

आता जमीन बघू. या गावाला तीन मजले आहेत. सर्वांत वर डोंगर: दत्ताचा डोंगर, हिंगळाजचा डोंगर आणि त्यांच्या उताराची वरकस, म्हणजे हलकी, जमीन. हा आपला नेहमीचा काळा कातळ, वर तांबडी माती. मधला मजला म्हणजे वाळूचा जुना दांडा. समुद्राने हजारो वर्षांत किनाऱ्याला समांतर वाळू रचली, तिच्यावर नागाव, चौल, रेवदंड्याच्या वाड्या उभ्या आहेत. सर्वांत खालचा मजला खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी जिथे शिरतं किंवा बांध घातला नसता तर शिरलं असतं ती जमीन. हे तीन मजले एकमेकांपासून फार उंच-खोल नाहीत. काही ठिकाणी दुर्बीण लावून पट्टी वाचली की कळतं, वाडी आणि खार यांच्यात एका माणसाच्या उंचीचाच काय तो फरक. पण त्या पुरुषभर उंचीने गावाची जात-वस्ती, पीक, विहिरीचं पाणी आणि सातबाऱ्यावरचा आकार (जमिनीचा सारा), सगळं ठरवलं.

मधल्या मजल्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण चौल इतकी शतकं टिकलं ते त्याच्या जोरावर. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कातळावरून तो वाहून जातो. वाळूच्या दांड्यात तो मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, फार खोल न जाता गोडी विहीर लागते. याच पाण्यावर रहाट फिरले, पाटाने पाणी पोफळींच्या बुंध्याशी गेलं, आणि गलबतांना लांबच्या प्रवासासाठी पिण्याचं पाणी भरून घेता आलं. बंदराला खोल पाणी लागतं हे सगळेच लिहितात, गोडं पाणी लागतं हे लिहायला विसरतात. तुम्ही विसरू नका.

रहाट बैलाच्या चालीने पाणी काढतो, विहिरीला श्वास घ्यायला वेळ देतो. विजेचा पंप तसा देत नाही. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा चढलं की एका पावसाळ्यात उतरत नाही. मोजणीला गेलो की लोक आधी पाणी पुढे करायचे. नोकरीच्या सुरुवातीला जिथे गोड पाणी प्यायलो, तिथेच शेवटच्या वर्षांत घोट मचूळ लागला, असं दोन-तीन वाड्यांत झालं. हे माझं मोजमाप नव्हे, जिभेची साक्ष आहे. तेवढ्यापुरतीच घ्या.

"अष्टागर" हा शब्द तुमच्या लेखात येणारच. आठ आगरांचा, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांच्या गावांचा, प्रदेश. मात्र आठ कोणती हे दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारा, दोन याद्या मिळतील: कोणी आवास, सासवणे, किहीम, थळ धरतो, कोणी वरसोली आत घेतो आणि दुसरं काही बाहेर ठेवतो. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी मात्र बहुतेकांच्या यादीत असतात. एकच यादी छापून वाद ओढवून घेऊ नका, दोन्ही द्या.

खालच्या मजल्याकडे येऊ. खाजणाला बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग खाऱ्या भाताची जात लावायची, ही खारेपाटाची शेती. बांधातून पावसाचं पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचं आत येऊ न द्यायला जी दारं ठेवतात त्यांना उघाडी म्हणतात. बांध फुटला की "खांड पडली". बांध घालून जमीन काढणाऱ्यांना जुन्या दप्तरात शिलोत्रीदार म्हटलेलं सापडेल. बांधाच्या दुरुस्तीसाठी शेतकऱ्याने भाताचा ठरावीक हिस्सा द्यायचा, ते शिलोत्र. पुढे १९४८ साली मुंबई प्रांतात खार जमिनींचा कायदाच झाला. चौलपासून फार लांब नसलेल्या चरी गावी १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने झालेला तो संप याच खारेपाटातला. भाताचा वाटा कोणाचा आणि बांधाचं श्रम कोणाचं, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तुम्हाला शिलोत्राच्या नोंदींत आधीच दिसतो.

खारीतल्या तळ्यात जिताडा मासा वाढवायची रीत आहे. पूर्वी सरकारी कामासाठी आलेल्या माणसाच्या हातात एक जिताडा पडायचाच, आणि कोणाचा जिताडा किती मोठा यावरून कोणाची मोजणी आधी होईल, असं लोक थट्टेने म्हणत. थट्टेनेच म्हणत, असं मी तरी धरून चाललो.

आता बंदर. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या पुढे "सेमुल्ला" येतं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने "सिमुल्ला" लिहिलं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये "चेमुल"चा रहिवासी आहे. अरबांनी त्याला "सैमूर" केलं. आपण आजही बोलताना चौल आणि चेऊल दोन्ही म्हणतो. चेमुलातला म झिजून चेउल झाला, हे मराठीत नेहमीचं आहे. त्यामुळे चंपावती नगरी आणि तिच्या राजाची कथा स्मरणिकेत जरूर छापा, पण "आख्यायिका" या मथळ्याखाली. गावाच्या नावाचा धागा चेमुलाशी जुळतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या शेवटी चौलला उत्खनन केलं आणि सातवाहन काळापर्यंत जाणारी वस्ती दाखवली. म्हणजे कागद आणि माती दोन्ही बोलतात.

इ.स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी इथे आला. त्याने राजाचं नाव झंझ असं दिलं, तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत आणि इथेच लग्न करून स्थायिक झालेलेही आहेत, त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असं तो लिहितो. आकडा प्रवाशाचा आहे, खानेसुमारीचा नाही. पण परदेशी व्यापाऱ्याला त्याचा न्याय त्याच्या माणसाकडून मिळेल अशी सोय हिंदू राजाने केली होती, हे त्या आकड्यापेक्षा मोलाचं. बंदर चालवायचं तर असं वागावं लागतं हे शिलाहारांना कळलं होतं.

शेजारच्या आक्षीचा शिलालेख याच राजवटीतला मानतात. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन मांडलं गेलं आणि त्यावरून मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता हा वाद पेटला. तारखेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. "मराठीतला पहिला शिलालेख आमच्या शेजारी" असं ठोकून देण्याआधी दोन्ही बाजू लिहा.

सुमारे १४६९ मध्ये अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्याने दिवस मोजून ठेवले: चौलहून पालीपर्यंत आठ, पालीहून उमरीपर्यंत दहा, तिथून जुन्नरपर्यंत सहा. चोवीस दिवसांत तो घाट चढून जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा तिथेच अडकून काढला. जुन्नरच्या सरदाराने धर्म बदल नाहीतर घोडा जप्त अशी अडचण केली, शेवटी घोडा परत मिळाला. निकितिनची गोष्ट रंजक आहेच, पण मोजणीवाल्याला त्यात दुसरंच दिसतं. चौल हे नुसतं किनाऱ्यावरचं गाव नव्हतं, ते जुन्नर-बीदरचं दार होतं. घोडे आत जायचे, कापड बाहेर यायचं. घाटावर ज्याची सत्ता, त्याला चौल हवंच असायचं: आधी बहमनी, मग अहमदनगरची निजामशाही. निकितिनचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे, बघून या.

सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा हा पोर्तुगीज लिहितो, की चौलला एरवी वस्ती बेताची, पण डिसेंबर ते मार्च बैलांचे तांडे घाटावरून उतरतात आणि मोठा बाजार भरतो. हे वाक्य स्मरणिकेत ठळक टाईपात टाका. चौल म्हणजे बारमाही गजबजलेलं शहर, असं आपण डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी हंगामी बाजाराचं गाव असावं. पाऊस संपला, भात कापून झालं, घाटवाटा वाळल्या, वारा गलबतांना सोयीचा झाला, की चार महिने यात्रा. मग पुन्हा पोफळी आणि पाऊस. एवढ्या मोठ्या बंदराचे राजवाडे कुठे गेले असं तुम्ही विचारलंत. यात्रेच्या गावाला राजवाडे कमी आणि मांडव जास्त लागतात.

आता चौल आणि रेवदंडा. दोन गावं, आणि त्यांचं दोन असणं पोर्तुगीजांच्या वेळी पक्कं झालं. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने किल्ला बांधायला घेतला, तो खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्याच्या टोकाला. तेच आजचं रेवदंडा. जुनं गाव आत निजामशाहीकडे राहिलं. पोर्तुगीज जुन्याला वरचं चौल म्हणत आणि आपल्याला खालचं चौल. म्हणून त्यांच्या कागदांत "चौल" दिसलं की आधी विचारायचं, वरचं की खालचं? नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. चौलच्या नावाने जो किल्ला, जी चर्चं, जी सातखणी मनोऱ्याची चित्रं फिरतात, ती रेवदंड्याची. चौलचं स्वतःचं काय ते हमामखाना, पडकी मशीद, राजकोटाच्या खुणा, रामेश्वर आणि हिंगळाजजवळची लेणी.

रेव म्हणजे वाळू आणि दंडा म्हणजे दांडा, अशी रेवदंड्याची फोड करतात. व्युत्पत्ती म्हणून तिची जबाबदारी मी घेत नाही, पण गाव उभं आहे ते खरोखर वाळूच्या दांड्यावर.

या मुखाचा भूगोल इतिहासात कसा घुसतो त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मार्च १५०८ चं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा खाडीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन गुजरातच्या सागरातून आरमार घेऊन आला, मागून दीवचा मलिक अयाज आला. दोन-तीन दिवस झुंज झाली. पोर्तुगीजांनी निघून जायचं ठरवलं, पण लोरेन्सोच्या जहाजाला पाण्याच्या रेषेशी भोक पडलेलं. ते पाण्याच्या ओढीबरोबर वाहत कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत जाऊन अडकलं. सुटेना. लोरेन्सो तिथेच मारला गेला. पूर्वेच्या समुद्रावर पोर्तुगीजांना बसलेला हा पहिला मोठा फटका, आणि त्याचं वैर काढायला बापाने पुढल्या वर्षी दीवची लढाई केली. चौलच्या कोळ्यांचे ते खांब डोल जाळ्याचेच असावेत, हा माझा अंदाज. ओढ जिथे जोराची असते तिथे डोल लावतात, म्हणजे जिथे जहाज वाहत जाणार नेमकं तिथेच. आग्राव किंवा थेरोंड्याच्या एखाद्या जुन्या तांडेलाला हा प्रसंग सांगा आणि "हे खांब कुठे असतील?" असं विचारा. तो जागा दाखवेल ती बरोबर असेलच असं नाही, पण ओढ कुठून कुठे जाते ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही असं कळेल.

पुढच्या लढाया मी झरझर सांगतो, त्या सगळीकडे छापलेल्या आहेत. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला आणि काही महिन्यांनी भर पावसाळ्यात उठवला. त्याच्या सरदारांना पोर्तुगीजांनी दारू आणि नजराणे देऊन फोडलं, असं फरिश्ता लिहितो. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. आता मुखाच्या दोन्ही बाजू त्यांच्या. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी रेवदंड्याला वेढा दिला, पण किल्ला पडला नाही. मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर मात्र पोर्तुगीजांना उत्तर कोकणात टिकणं अवघड झालं आणि १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

त्या तहानंतर कोर्लईच्या पायथ्याचा लहानसा ख्रिस्ती समाज तिथेच राहिला. पोर्तुगालशी संबंध तुटला, भाषा तुटली नाही. आजही तिथे हजाराच्या आसपास माणसं घरात पोर्तुगीजपासून निघालेली, मराठीच्या वळणाने चालणारी बोली बोलतात आणि तिला "नौ लिंग", आपली भाषा, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण आपली: क्रियापद शेवटी. साळावचा पूल होण्याआधी कोर्लईला जायला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, लागायची. ती भाषा टिकण्यात खाडीचाही हात आहे, असं मला वाटतं.

मग बंदर मेलं कशाने? पोर्तुगीज गेले म्हणून नाही, ते त्याआधीच खंगलं होतं. एक कारण मुंबई. १६६८ मध्ये कंपनीला मुंबई मिळाली. तिथलं पाणी खोल आणि सगळ्या बाजूंनी आडोशाचं. चौलचं रेशीम आणि लाखकामाच्या पेट्या प्रवाशांनी वाखाणलेल्या, त्या रेशमाचे विणकर कंपनीने मुंबईत नेऊन वसवले. दुसरं कारण गाळ. कुंडलिका सह्याद्रीतून येते, दर पावसाळ्यात माती आणते. खाडीचं मुख खुलं राहतं ते भरती-ओहोटीच्या ओढीमुळे: जितकं जास्त पाणी भरतीला आत शिरेल, तितकं ओहोटीला जोराने बाहेर पडेल आणि तळ खरवडून नेईल. आता आठवा ते खारीचे बांध. खाजणाला बांध घातला की भरतीचं पाणी पसरायची जागा कमी झाली. आत कमी पाणी, बाहेर पडताना जोर कमी, तळाशी गाळ जास्त. एकेका बांधाने काही होत नाही, पण शतकानुशतकं बांध पडत गेले. चौलचं बंदर ज्यांनी बुजवलं त्यांत चौलच्याच भातशेतीचा वाटा आहे, असं माझं मत आहे. गलबतं मोठी होत गेली आणि खाडी उथळ, दोन्ही एकाच वेळी घडलं.

कुंडलिकेची एक गंमत सांगायचीच राहिली. १९२७ पासून मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि तिथून कुंडलिकेत. म्हणजे ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते २४ सत्याग्रह केला, त्या मुळेच्या खोऱ्यातलं, एरवी बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी आज रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. भूगोलाच्या भागात हे टाका, मुलांना आवडेल.

देवळांबद्दल. "चौलात तीनशे साठ देवळं, तीनशे साठ तळी" हे वाक्य लिहाल तर त्याची मोजदाद करायला जाऊ नका. तीनशे साठ ही संख्या वर्षाच्या दिवसांची आहे, त्याचा अर्थ "रोज एक पुरेल इतकी". तळी मात्र खरोखर पुष्कळ, आणि कारण पुन्हा तेच, वाळूतलं गोडं पाणी. रामेश्वराच्या मंडपात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं सांगतात, आणि पाऊस ओढला की पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा. दत्तजयंतीला डोंगरावर जत्रा भरते. हिंगळाजकडे मात्र लक्ष द्या. मूळ हिंगळाज बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ. ती देवी चौलच्या डोंगरावर काय करते? घोड्यांचा आणि खलाशांचा रस्ता त्याच किनाऱ्याला लागून जाई. देवी त्याच वाटेने आली असावी. पुरावा नाही, तर्क आहे.

बेने इस्रायली समाजाचा भाग वगळू नका. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग आहे. माणसं इस्राएलला गेली, पण आडनावांत गावं घेऊन गेली: चेऊलकर, किहीमकर, नागावकर, रोहेकर, पेणकर.

पुढे काय शोधायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. सातबाऱ्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा एक रकाना असतो. कोणी वाचत नाही. गावाचे सगळे सातबारे काढा आणि फक्त तो रकाना उतरवून घ्या. कोट, बंदर, घाट, वखार, पेठ, खाजण, उघाडी असं काही नाव आलं की त्याचा गट नंबर गावनकाशावर रंगवा. मग भूमी अभिलेखच्या कार्यालयात जुन्या मोजणीची टिपणं आणि गुणाकार बुकं बघायला मागा. कागद ठिसूळ असतात, पानं दोन्ही हातांनी उलटा. ज्या पट्ट्याला जुन्या नकाशात खाजण म्हटलंय आणि आज तिथे बंगला आहे, तो पट्टा वेगळ्या रंगाने. आमच्या खात्यात असं कोणी करत नाही, मोजणीला एवढा वेळ मिळत नाही. तुम्हाला मिळेल. १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर जवळ ठेवा. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, त्यामुळे जुन्या यादीत "रायगड" शोधाल तर काहीच सापडणार नाही.

आणि ३ जून २०२० लिहायला विसरू नका. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तरी चौल-नागावच्या वाड्यांत पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांची बाग त्या दुपारी आडवी झाली त्यांना आत्ता विचारा, ऐंशी वर्षांनी कोणाला तरी ते कागदावर लागणार आहे.

प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा वेळ भरतीवरून ठरवा. आमचं साधं गणित, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, ओहोटी बाराला, ऊन डोक्यावर. त्यापेक्षा पौर्णिमा बरी. गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास भरते आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे खाडी सर्वांत रिकामी होते. तेव्हा आग्रावच्या बाजूने बांधावर उभं राहा. उन्हं तिरपी असतात, चिखलावर जुन्या प्रवाहाची वळणं उमटलेली दिसतात. बांधावरून खाली उतरू नका, मी एकदा मोजणीची साखळी धरायच्या नादात उतरलो होतो. गुडघाभर चिखलातून बाहेर यायला दोन गडी आणि एक फळी लागली, आणि उजव्या पायातला बूट अजून तिथेच आहे.